अरकाट्याला शिव्या देऊन झाल्या, आता एजंट साहेबांकडे वळू

(चिपळूणला दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि एवढा पाऊस असताना आलेले सगळे, नमस्कार. मागे ऐकू येतंय का? ज्यांना येत नसेल त्यांनी हात वर करा. कोणीच करत नाहीये, म्हणजे एकतर सगळ्यांना ऐकू येतंय किंवा कोणालाच नाही. चला, सुरू करतो.

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, 'परदेशी मजूर पाठवणारे सरकारी एजंट: गोऱ्यांसाठी एक, आपल्यासाठी एक'. म्हणजे तुलना आहे. ती मी करणार आहे, काळजी नको, पण त्याआधी आपल्याकडचा एजंट नीट बघायला लागेल आणि तो धड कोणी बघितलेलाच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. पहिल्या रांगेत दोघं-तिघं असे दिसतायत ज्यांनी ही तक्रार आधी ऐकलीये, त्यांनी आजच्या दिवस सहन करा.

तक्रार अशी की गिरमिटाचा, म्हणजे करारावर बांधून परदेशी नेलेल्या मजुरांचा इतिहास म्हटला की आपल्याला एकच माणूस आठवतो, अरकाटी. स्टेशनवर, जत्रेत, धर्मशाळेत उभा असलेला, गोड बोलणारा, गावातून भांडून निघालेल्या पोराला 'चल, चांगली नोकरी देतो' म्हणणारा. कथेत तो, नाटकात तो, शाळेच्या धड्यात तो. माणूस लबाड होताच, मी काही त्याची वकिली करायला उभा नाही. पण मंडळी, अरकाटी हा शिडीचा सगळ्यात खालचा दांडा आहे. त्याच्या वर लायसनवाला रिक्रूटर, त्याच्या वर सब-एजंट आणि सगळ्यात वर कलकत्त्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसलेले, त्या त्या वसाहतीच्या सरकारने पगारावर नेमलेले एमिग्रेशन एजंट. फिजी सरकारचे एजंट, त्रिनिदादचे, ब्रिटिश गयानाचे, मॉरिशसचे. हे साहेब कधी कुणाशी खोटं बोलल्याचं फारसं सापडत नाही. खोटं बोलायची वेळच येणार नाही अशी ती सगळी रचना होती, आणि आज मला जे काही सांगायचंय ते या रचनेबद्दल आहे.

आता मागे जाऊ, १८३४. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली. उसाचे मळे तर तसेच उभे, गुलाम मोकळे झाले, ऊस कोण तोडणार? त्याच वर्षी २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुईला लागलं. मॉरिशसमध्ये आजही त्या तारखेला सुट्टी असते. तेव्हा सरकारी एजंट वगैरे काही नव्हतं, सगळा खासगी मामला, मळेवाल्याने कलकत्त्यातल्या व्यापारी पेढीला पत्र टाकायचं आणि पेढीने माणसं भरून पाठवायची.

यातलं एक पत्र माझं फार आवडतं आहे. आवडतं म्हणजे, तुम्हाला कळलं. जॉन ग्लॅडस्टन नावाचे लिव्हरपूलचे बडे व्यापारी, पुढे चार वेळा इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचे हे वडील. गयाना आणि जमैकात यांचे मळे, दोन हजारांवर गुलाम. गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली, गुलामांना नाही हो, मालकांना, आणि या एका माणसाला मिळाले एक लाख पौंडांहून जास्त. तर त्याच सुमारास, जानेवारी १८३६ मध्ये, साहेबांनी कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट कंपनीला लिहिलं की शंभरेक धडधाकट तरुण मजूर पाहिजेत, पाच ते सात वर्षांच्या करारावर, मिळतील का? कंपनीचं उत्तर आलं की आम्ही मॉरिशसला माणसं पाठवतोच, वेस्ट इंडिजला पाठवायलाही काही अडचण दिसत नाही, कारण आपण कुठे जातोय आणि प्रवास किती लांबचा आहे याची या लोकांना काहीच कल्पना नसते.

परत सांगू का? 'कल्पना नसते' ही त्यांना अडचण वाटली नाही, ती सोय वाटली. व्यापारी पत्रात लिहिलंय, लपवून नाही, एखाद्याने मालाचा गुण सांगावा तसं. त्याच पत्रात छोटा नागपूरकडच्या आदिवासींबद्दल जे लिहिलंय ते मी इथे बोलत नाही, माकडाशी तुलना आहे एवढंच सांगतो. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार चिडलो होतो, आता चिडत नाही, आता मला त्या कारकुनाचं कौतुक वाटतं, त्याने एका वाक्यात पुढच्या ऐंशी वर्षांचा धंदा सांगून टाकला.

मे १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजं गयानाला पोचली. मळ्यावर मारहाण, आजारपण, मृत्यू, बातम्या लंडनला पोचल्या, गुलामगिरीविरोधी मंडळींनी पार्लमेंट डोक्यावर घेतलं आणि १८३९ मध्ये भारत सरकारने ही मजूर निर्यात बंद केली.

(कोणाचा तरी फोन वाजतोय. आरती आहे वाटतं. घ्या, घ्या, थांबतो मी.)

हां. तर बंदी आली आणि मळेवाल्यांनी ठणाणा केला. मग सरकारने काय करावं? इथेच सरकार नावाच्या प्राण्याची खरी बुद्धी दिसते. सरकार म्हणालं, बरोबर आहे, खासगी लोक गैरप्रकार करतात, म्हणून आता हे काम आम्ही करू. १८४२ मध्ये मॉरिशसपुरतं परत सुरू, कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई, तीन बंदरं, प्रत्येक बंदरात मॉरिशस सरकारने नेमलेला एजंट. १८४४ मध्ये त्रिनिदाद, गयाना आणि जमैका. मग १८६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, १८७३ मध्ये डचांचं सुरीनाम, १८७९ मध्ये फिजी. मध्ये फ्रेंच वसाहतींनीही माणसं नेली. प्रत्येक वसाहतीचा एजंट आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला भारत सरकारचा 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', म्हणजे संरक्षक. कायदे एकावर एक, १८६४, १८७१, १८८३. वाचायला घेतले तर माणूस म्हणेल वा, किती काळजी! जहाजात माणशी जागा किती, पाणी किती, तांदूळ-डाळ किती, डॉक्टर पाहिजे, जहाज सुटेपर्यंत मजूर ठेवायच्या डेपोत तपासणी पाहिजे. आजच्या कोकण रेल्वेच्या जनरल डब्यालासुद्धा एवढे नियम नसतील.

आता माझा मुद्दा, नीट ऐका, कारण नंतर मी बोलता बोलता भरकटणार आहे आणि तुम्हाला परत सापडायचा नाही. या कायद्यात एक कलम आहे. एमिग्रेशन एजंटाचा मोबदला त्याने किती माणसं पाठवली यावर अवलंबून असता कामा नये, त्याला वर्षाचा ठरलेला पगारच द्यायचा. का? उघड आहे, माणशी पैसे दिले की माणूस लालचेने काहीही करेल. म्हणजे कायदा करणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं! कमिशनने माणूस बिघडतो हे माहीत होतं, म्हणून वरच्या साहेबाला कमिशनपासून वाचवलं. आणि साहेबाच्या खालचे? सब-एजंट माणशी पैशावर, रिक्रूटर माणशी पैशावर, अरकाटी तर पूर्णच माणशी पैशावर. कायद्याने वरचा एक माणूस स्वच्छ ठेवला आणि खालची सगळी उतरंड कमिशनवर सोडून दिली.

आपल्याकडे आंब्याचं बघा. बागायतदार ओरडतो वाशीच्या दलालाच्या नावाने, दलाल बोट दाखवतो गाडीवाल्याकडे, गाडीवाला पेटी भरणाऱ्याकडे, आणि ज्याच्या नावाने बिल फाटतं तो मालक कुठे फोनवरही भेटत नाही. (हसू नका, इथे बागायतदार बसलेत.) इथेही तेच. गैरप्रकार उघडकीस आला की एजंट म्हणणार, रिक्रूटरचं लायसन रद्द करा. रिक्रूटर म्हणणार, मला काय माहीत, माणूस अरकाट्याने आणला. अरकाट्याकडे लायसनच नाही, तर रद्द काय करणार? आणि साहेब नामानिराळे.

रिक्रूटरला लायसन मिळायचं एजंटाच्या मागणीवरून, द्यायचा प्रोटेक्टर, त्यावर जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटची सही, वर्षभराची मुदत, आणि घालायला एक बिल्ला. आता तुम्ही विचार करा, १८८० च्या सुमाराचा बिहारचा किंवा अयोध्येकडचा शेतकरी, त्याच्यासमोर सरकारी बिल्ला लावलेला माणूस उभा राहतो. त्याने हा माणूस सरकारी समजावा की कमिशनवाला? बिल्ला होता गैरप्रकार रोखायला, आणि उपयोग झाला तो भरवसा बसवायला.

यावर सरकारने चौकशाही केल्या बरं का. १८८२-८३ मध्ये मेजर पिचर यांना वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, आणि जॉर्ज ग्रिअर्सन यांना बंगाल इलाख्यात, म्हणजे मुख्यतः बिहारात, पाठवलं. ग्रिअर्सन म्हणजे तेच, भाषांच्या सर्वेक्षणवाले, ज्यांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा आहे आणि ज्यात आपल्या कोकणातल्या बोलींचे नमुने आहेत. भाषेवाल्या लोकांना हे माहीत नसतं की या माणसाने त्याआधी गावोगाव हिंडून मजूर भरतीची रजिस्टरं तपासली होती. आणि ग्रिअर्सनचा सूर फार विरोधाचा नाहीये हेही सांगायला पाहिजे. परत आलेली माणसं त्याला भेटली, काही पैसे घेऊन आलेली, काही परत जायला तयार. तो म्हणतो लोकांना जाऊ द्या, उलट मदत करा, फक्त नीट सांगून न्या. म्हणजे सगळेच फसून गेले असं म्हणणं खोटं आहे. दुष्काळ, जमीनदाराचा जाच, घरातलं भांडण, जातपंचायत, विधवेचे हाल, जायला कारणं हजार होती. लोक पायाने चालत कलकत्त्याला गेलेत. मी फक्त एवढंच म्हणतो, ज्याला जायचंच होतं त्यालाही खरं काय ते सांगणं कोणाच्याच फायद्याचं नव्हतं.

आता हा कागद बघा. (स्लाइड दिसतेय का? जरा ती ट्यूब बंद करा कोणीतरी. हां.) हा फिजीला गेलेल्या माणसाचा एमिग्रेशन पास कसा असायचा त्याचा नमुना. डेपोतला नंबर, जहाजाचं नाव, माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, पोलीस ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. हे सगळं हाताने, शाईने लिहिलेलं. आणि खाली दाखले. डॉक्टरचा, की माणूस धडधाकट आहे. मग फिजी सरकारच्या एजंटाचा, की या माणसाने तिकडे जाऊन मजुरी करायची इच्छा व्यक्त केली आहे, तो माझ्यासमोर हजर झाला आहे आणि मी त्याला त्याच्या कामाबद्दल सगळं समजावून सांगितलं आहे. मग प्रोटेक्टरची सही. आता नीट बघा, हा दाखल्याचा मजकूर छापील आहे. माणूस बिहारातून निघायच्या आधी, कदाचित जन्मायच्याही आधी, त्याची इच्छा कलकत्त्यात छापून गठ्ठ्याने तयार होती. फक्त नाव भरायचं बाकी.

मी हे पोरांना शिकवायचो तेव्हा विचारायचो, की एजंट नेमका काय तयार करत होता? पोरं म्हणायची, मजूर. मजूर तर अरकाटीही आणू शकत होता, १८३६ च्या पेढ्याही आणत होत्या. सरकारी एजंटाच्या कारखान्यातून निघायचा तो हा कागद. गुलाम आणि गिरमिटिया यांच्यात कायद्याच्या दृष्टीने फरक काय, तर गिरमिटिया 'हो' म्हणालाय. ते 'हो' कागदावर नसेल तर लंडनमध्ये परत आरडाओरडा. म्हणून मळ्याला हात पाहिजे होते आणि सरकारला सही.

आणि हे 'हो' कसं मिळायचं? तोताराम सनाढ्य नावाचा फिरोजाबादकडचा ब्राह्मणाचा पोरगा, १८९३ मध्ये प्रयागला नोकरी शोधत फिरताना अरकाट्याला सापडला. एकवीस वर्षांनी फिजीहून परत आल्यावर त्याने हे सगळं लिहिलं, आणि त्या लिखाणाने पुढे फार काम केलं. तो सांगतो की आम्हाला आधीच पढवून ठेवलं होतं, साहेब काहीही विचारो, हो म्हणायचं, नाही म्हणालात तर खटला होईल, तुरुंगात जाल. मग मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं, फिजीला जायला राजी आहेस? हो. पुढचा. फिजी कुठे आहे, काम काय आहे, काही नाही. १६५ माणसं वीस मिनिटांत नोंदवली, असं तो लिहितो. मी गणित केलंय, माणशी सात सेकंद. आपल्याकडे लग्नाच्या पंक्तीत वाढपी 'भात पाहिजे का' विचारून उत्तराची जास्त वाट बघतो.

करारावर लिहिलेलं बघाल तर त्यातही खोटं काही नाही, हीच तर गंमत. पाच वर्षं काम, पुरुषाला दिवसाला कमीत कमी एक शिलिंग म्हणजे १२ आणे, बाईला नऊ पेन्स म्हणजे ९ आणे, आठवड्याला साडेपाच दिवस, दहा वर्षांनी परतीचं तिकीट फुकट. १२ आणे! गावात दोन-तीन आणे मिळवणाऱ्याला हे ऐकून चक्कर येईल. पण तिकडे धान्य काय भावाने मिळतं हे करारात नाही, आणि दिवसाचं ठरवून दिलेलं काम पूर्ण झालं नाही तर मजुरी कापली जाते, कामावर आला नाही तर कोर्टात उभं राहून दंड किंवा तुरुंग, हे समजावून सांगायला कोणाला वेळ आहे? सात सेकंदात?

बायकांचं तर वेगळंच. नियम होता १०० पुरुषांमागे ४० बायका. ऐकायला चांगला नियम, कुटुंबं जावीत म्हणून. पण गावाकडची बाई सहज निघत नाही, म्हणून बाईमागे कमिशन जास्त, आणि कमिशन जास्त म्हणून अरकाटी कुठे उभे राहणार, तर तीर्थक्षेत्री, घाटावर, जिथे टाकलेल्या, विधवा झालेल्या, वाट चुकलेल्या बायका भेटतात तिथे. काळजीपोटी केलेला नियम खाली उतरेपर्यंत शिकारीचा परवाना झाला. जहाजावरच्या डॉक्टरलाही माणशी पैसे होते, जिवंत उतरलेल्या माणसामागे. हा मात्र मला या सगळ्या यंत्रणेतला एकमेव शहाणपणाचा कमिशनचा नियम वाटतो.

(अध्यक्ष घड्याळ बघतायत. बघू द्या.)

आता तुम्ही म्हणाल यात आपण कुठे? आहोत की. मुंबईहूनही माणसं गेली, मुख्यतः मॉरिशसला, मुख्यतः सुरुवातीच्या काळात, आणि त्यात आपल्या रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची माणसं होती. मॉरिशसमध्ये एकूण साडेचार लाखांवर भारतीय गेले, त्यात मुंबईवाले थोडेच, बाकी कलकत्ता आणि मद्रासकडून. पुढे मुंबईची भरती आटली, कारण १८५० नंतर मुंबईतच रेल्वे, गिरण्या, गोदी, कोकणातला माणूस बोटीने मुंबईला उतरला की काम मिळतंय, तो कशाला मॉरिशसला जाईल? पण जे गेले त्यांनी काय टिकवलं बघा, आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी आहे आणि तिथले मराठी लोक जाखडी नाचतात. जाखडी! इथल्या पोरांना डीजे लागतो.

मॉरिशसचं आणखी एक सांगतो, कारण ते अरकाट्याच्या गोष्टीत बसत नाही म्हणून कोणी सांगत नाही. तिथले मळेवाले जुन्या जाणत्या मजुरांना, सरदार म्हणायचे त्यांना, परत गावी पाठवायचे माणसं आणायला. हा माणूस गावचा, नात्यातला, तो खरं काय ते सांगू शकायचा. म्हणजे सांगायचाच असं नाही, कमिशन त्यालाही होतं, पण त्याला परत त्याच माणसांबरोबर मळ्यावर राहायचं असायचं. फसवलं तर रात्री चाळीत कोण बोलणार त्याच्याशी? कलकत्त्याच्या एजंटाला ही अडचण कधीच नव्हती.

आता तिकडच्या टोकालाही एजंट होते, उतरल्यावर मजुरांचं रक्षण करायला. गयानात जेम्स क्रॉस्बी म्हणून इमिग्रेशन एजंट जनरल होते, १८५८ पासून वीसेक वर्षं. प्रामाणिक माणूस, मजुराची बाजू घ्यायचा. परिणाम काय झाला? गव्हर्नर हिंक्स यांनी त्याचे अधिकार छाटले, मळ्यांवर स्वतः जाऊन चौकशी करणं अवघड करून टाकलं. मजुरांनी मात्र असं प्रेम केलं की त्याच्या मागे ते ऑफिसच 'क्रॉस्बी' म्हणून ओळखलं जायचं, साहेब बदलले तरी लोक म्हणायचे क्रॉस्बीकडे जातो. त्याच गयानात आधी मॅजिस्ट्रेट असलेल्या द व्हो यांनी १८६९ मध्ये लंडनला लांबलचक तक्रार केली, की सगळी यंत्रणा मळेवाल्यांच्या ताटाखालचं मांजर झालीये. चौकशी आयोग बसला. आणि गंमत बघा, हेच द व्हो पुढे १८८० मध्ये कुठे गव्हर्नर झाले? फिजीला, जिथे नुकतंच 'लिओनिडास' जहाज पहिले गिरमिटिये घेऊन लागलं होतं. तक्रारदाराला बढती देऊन त्याच यंत्रणेच्या डोक्यावर बसवायचं, हे तंत्र आपण त्यांच्याकडून शिकलो का त्यांनी आपल्याकडून, यावर कोणीतरी पीएचडी करावी.

आणि आता आपले गोखले. कोतळूक इथून तासाभरावर, पण इथल्या किती पोरांना माहीत आहे की नामदार गोखल्यांनी ४ मार्च १९१२ ला कलकत्त्याच्या कौन्सिलात, म्हणजे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, गिरमिट बंद करायचा ठराव मांडला? त्याआधी १९१० मध्ये त्यांनी नाताळची भरती थांबवायचा ठराव मंजूर करून घेतला होता आणि १९११ मध्ये ती थांबली. पण हा मोठा ठराव पडला. २२ विरुद्ध ३३. सरकारी मतं विरोधात. गोखले म्हणाले ही राक्षसी पद्धत आहे, मुळातच अन्यायी, फसवणुकीवर उभी आणि बळजबरीने टिकवलेली. मवाळ माणसाच्या तोंडून राक्षसी! ते भाषण काढून वाचा. आणि त्या भाषणात ते अरकाट्यावर थांबत नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते कराराला धरतात, फौजदारी शिक्षेला धरतात, ज्या मालकाला कधी पाहिलं नाही अशा मालकाशी बांधून घालण्याला धरतात. म्हणजे शिडी वरून मोजायला लागतात. ते १९१५ मध्ये गेले, पुढे मदनमोहन मालवीयांनी तोच धागा १९१६ मध्ये धरला, १९१७ मध्ये भरती बंद आणि फिजीत शेवटचे करार १ जानेवारी १९२० ला रद्द.

चिठ्ठी आलीये. 'दहा मिनिटं.' तुलना राहिलीये. बरं, पळतो आता.

गोऱ्यांचा एजंट. १८४० मध्ये लंडनला वसाहतींची जमीन आणि स्थलांतर बघणारा सरकारी आयोग होता, म्हणजे आपल्याकडे एजंट आला त्याच दशकात. त्यांचेही निवडणारे एजंट होते, त्यांनाही माणशी पैसे होते, तेही बढाया मारायचे. म्हणजे यंत्र सारखंच. फरक कुठे? न्यूझीलंड घ्या. १८७० नंतर तिथल्या सरकारने कर्ज काढून रेल्वे आणि वसाहत वाढवायचं ठरवलं, लंडनमध्ये फेदरस्टन यांना एजंट जनरल नेमलं, १८७३ पासून प्रवास फुकट, एजंट इंग्लंडच्या खेड्यापाड्यात भाषणं देत फिरतायत आणि एकट्या १८७४ मध्ये तीस हजारांहून जास्त माणसं नेली. पण इंग्लंडमधल्या शेतमजुरांची युनियन होती. एजंटाला युनियनशी बोलायला लागलं. डिसेंबर १८७३ मध्ये 'मंगोल' जहाजावर मजुरांबरोबर युनियनचा पुढारी ख्रिस्तोफर हॉलोवे गेला, न्यूझीलंड सरकारच्या खर्चाने, देश बघून खरं काय ते परत कळवायला! आता कल्पना करा, बिहारातल्या एखाद्या गावाने म्हटलंय की आधी आमचा एक माणूस फिजी बघून येईल, मग आम्ही ठरवू. एजंट साहेब खुर्चीवरून पडले असते.

दुसरं कॅनडा. क्लिफर्ड सिफ्टन हे मंत्री, १८९६ ते १९०५. युरोपातल्या कित्येक देशांना आपली माणसं जायला नको होती, एजंटांना मनाई होती, म्हणून सिफ्टन यांच्या खात्याने नॉर्थ अटलांटिक ट्रेडिंग कंपनी नावाच्या एका आडून काम करणाऱ्या मंडळाशी करार केला, शेतकरी कुटुंबप्रमुखामागे ५ डॉलर, बाकी माणशी २ डॉलर. म्हणजे इथेही सरकार पडद्याआड आणि कमिशनवाला पुढे! पण उतरल्यावर त्या शेतकऱ्याला १० डॉलर फी भरून १६० एकर जमीन, आणि काम सोडलं म्हणून तुरुंग नाही. आणि याच कॅनडाने १९०८ मध्ये असा नियम केला की मायदेशातून न थांबता सलग प्रवास करून आलेल्यालाच उतरू देऊ. भारतातून तशी जहाजसेवाच चालत नव्हती, म्हणजे झालं. १९१४ ची 'कोमागाता मारू' तुम्हाला माहीत आहे, भारतीयांना घेऊन कॅनडाला गेलेलं जहाज, ३७६ प्रवासी, बहुतेक सगळे परत. एका हाताने माणशी ५ डॉलर देऊन बोलवायचं, दुसऱ्या हाताने स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आलेल्याला हाकलायचं.

तर तुलनेचं सार म्हणाल तर दोन्हीकडे कमिशन होतं, दोन्हीकडे थापा होत्या. ज्याच्याकडे मत, युनियन आणि वर्तमानपत्र होतं त्याला एजंटाने थाप मारली तर ती पुढच्या वर्षी महागात पडायची. आपल्या माणसाला मारलेली थाप कोणालाच महागात पडत नव्हती, आणि १३ लाखांच्या आसपास माणसं अशी गेली.

अध्यक्ष उभेच राहिलेत, म्हणून शेवटचं, दोन मिनिटं. हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर मुंबईत 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हे ऑफिस आजही आहे. तेच पद, तेच नाव. आखातात जाणाऱ्यांसाठी १९८३ चा कायदा आहे, त्यात रिक्रूटिंग एजंटाला सरकारकडे नोंदणी सक्तीची आहे, दहावी नापास माणसाला ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर परवानगी लागते, आता ऑनलाइन पोर्टलही आहे. चांगलं आहे, माझा त्याला विरोध नाही. पण आपल्या खेड-दापोली पट्ट्यातून आखातात गेलेलं माणूस नाही असं घर दाखवा. आणि त्यांना विचारा, तुम्ही नोंदणीकृत एजंटाकडे गेला होतात की गावातल्या कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाकडे? माझ्या एका विद्यार्थ्याला इलेक्ट्रिशियन म्हणून नेलं आणि तिकडे उन्हात खड्डे खणायला लावलं. कागदावर सही त्याचीच होती, इंग्रजी आणि अरबी करारावर. तक्रार करायला गेला तर पहिला प्रश्न आला, एजंटाचा नोंदणी नंबर काय? त्याला नंबर कुठून माहीत असणार, त्याने तर चहाच्या टपरीवर पैसे दिले होते. त्या टपरीवाल्याला पकडलाही म्हणे, महिनाभर आत होता. मी पोलिसांना विचारलं की त्याच्या वर कोण होतं, तर ते म्हणाले, सर, त्याच्या वरचं आमच्या हद्दीत येत नाही.

बास, आता खरंच थांबतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, आणि गोखल्यांचं भाषण वाचनालयात आहे का ते ग्रंथपाल बाईंना विचारा, नसेल तर मागवायला लावा.